काकांनी निवडलेला रॉड

अमेरिकेत ट्रॉयला राहायला गेलो तेव्हा माझ्याकडे दिवसभर करण्यासारखं काहीच नव्हतं. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटीत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. वर्गात पोरं मला घाबरायची. इथे मी दुपारी चार वाजता अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायची आणि नवऱ्याची गाडी वळताना दिसली की घाईघाईने काहीतरी करत असल्याचं दाखवायची. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी नापास झाले होते. केक करायला गेले तो बसला. दुकानात काउंटरवरच्या मुलीला माझं बोलणं कळायचं नाही. सगळं छोटंछोटंच होतं, पण आपल्याला काही जमत नाही, असं त्या वर्षी माझ्या मनाने हळूहळू घेतलं होतं.

ते काका आम्हाला तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला भेटले. मूळचे नागपूरचे, खूप वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, हाडांचे डॉक्टर. नुकतेच रिटायर झाले होते. तळ्याकाठी सगळे भेळ खात होते आणि मी धक्क्यावर मासे धरणाऱ्या एका माणसाकडे बघत उभी होते. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"कुठली गं तू?"

"वेंगुर्ल्याची."

"मग मासे खाण्यात एक्सपर्ट असशील. धरण्यात?"

"मी फक्त पाटीत बघितलेत, काका. धरायचे ते दुसरेच."

ते मोठ्याने हसले. "ये शनिवारी. माझी बोट आहे. काकूला पाण्यात मळमळतं, मुलगा सिअ‍ॅटलला. बोटीतली एक खुर्ची नेहमी रिकामीच असते."

घरी येताना मी नवऱ्याला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, "जा की. तुला बाहेर पडायला हवंच आहे." त्याच्या आवाजात सुटका होती. मला ती तेव्हा कळली आणि वाईटही वाटलं नाही. शनिवारी दिवसरात्र त्याचं काहीतरी सर्व्हरवर चढवणं असायचं आणि रविवारी झोप. मी घरात तोंड पाडून बसलेली नसले तर त्यालाही बरंच होतं.

पहिले दोनतीन शनिवार मी काकांच्या बोटीत नुसती बसले. मग काका म्हणाले, तुझा स्वतःचा मासे धरायचा रॉड हवा. आम्ही तिघं एका भल्यामोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो. काका पुढे, मी मध्ये, नवरा मागे ढकलगाडी घेऊन. रॉडच्या दोन लांबच लांब रांगा होत्या, बांबूच्या बेटात शिरल्यासारखं वाटायचं. मला एक काळा रॉड आवडला. माझ्यापेक्षा पुष्कळ उंच, बुडाशी अंगठ्याएवढा जाड. मी तो उचलला आणि हवेत फिरवून बघितला. छान वाटलं. काकांनी तो माझ्या हातातून अलगद काढून जागेवर ठेवला.

"हा नाही. हात दे इकडे."

त्यांनी माझं मनगट धरलं, अंगठ्याने दोन्ही बाजूंची हाडं चाचपली, मूठ वळायला सांगितली, उघडायला सांगितली. आजूबाजूचे लोक बघत होते. "आयुष्यभर हेच केलंय मी," ते म्हणाले. "हे मनगट जड रॉडचं नाही. दोन तासांत सुजेल. तुला हलका रॉड, छोटं रील, बारीक लाइन. बारीक लाइन माशाला दिसतही नाही."

त्यांनी एक आखूड, लवचिक रॉड निवडला. टोक इतकं नाजूक की बोटाने दाबलं तरी वाकायचं. रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, खाली लटकणारं, नवशिक्याला सहज जमेल असं. लाइन, म्हणजे गळाची दोरी, केसाएवढी, पारदर्शक. मी त्या काळ्या रॉडकडे एकदा बघितलं, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर प्रश्नच नव्हता. नवरा आणि काका रीलच्या कपाटापाशी बोलत उभे राहिले आणि मी उन्हाची टोपी शोधायला गेले. मी परत आले तेव्हा दोघं हसत होते.

ते तळं ट्रॉयपासून गाडीने तासाभरावर होतं. मे महिन्यात तिथे नुसतं पाणी दिसायचं. जुलै आला की उत्तरेकडची सगळी खाडी पाणगवताने भरून जायची. खाली तळापासून वर पृष्ठभागापर्यंत गवत, वर कमळासारखी गोल पानं, मधे कुठेतरी बशीएवढी भोकं. बास नावाचा मासा त्या गवताच्या सावलीत राहतो. मोठ्या तोंडाचा, हिरवट काळा, भांडखोर. काकांचं म्हणणं, तळ्यातले मोठे मासे सगळे याच खाडीत. म्हणून आम्ही तिथेच जायचो.

काका बोटीच्या पुढच्या खुर्चीवर. त्यांचा रॉड लांब आणि जाड होता, रील दांड्याच्या वरच्या बाजूला बसवलेलं, लाइन हिरवी, वेणीसारखी विणलेली. ते रबराचा एक बेडूक पानांवर फेकायचे आणि टुणूकटुणूक ओढत आणायचे. मधेच गवत फाटून पाणी उसळायचं. काका उभे राहून रॉड मागे खेचायचे आणि मासा गवताच्या गुंडाळीसकट वर घसरत बोटीशी यायचा. मग ते त्याला परत पाण्यात सोडायचे.

मी मागच्या खुर्चीवर. माझा गळ छोटा, त्यावर रबरी गांडूळ. मी ते भोकांमध्ये सोडायची. आणि मासे लागायचे! हेच तर नवल होतं. लाइन ताणायची, रॉड कमानीसारखा वाकायचा. मग मासा सरळ खाली गवतात घुसायचा. मी रील फिरवायची, रील कुरकुरायचं, रॉड आणखी वाकायचा आणि कुठेतरी खाली, मला न दिसणाऱ्या ठिकाणी, लाइन तुटायची.

"गेला?" काका मागे न बघता विचारायचे.

"गेला."

"हात तयार व्हायला वेळ लागतो गं. धीर धर."

मग ते काकूंनी दिलेली थालीपिठं फॉइलमधून काढायचे आणि लोण्याचा मोठा भाग माझ्याकडे सरकवायचे. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण ते माझ्याशी फार चांगले वागले. गाडी चालवायला मी खरी त्यांच्याकडूनच शिकले, मागे बोटीचा ट्रेलर लावलेला असताना. दुसऱ्यांदा टेस्टला गेले तेव्हा तेच माझ्यासोबत आले होते. त्या बोटीत मी त्यांना असं काही सांगितलं जे आईलाही फोनवर सांगितलं नव्हतं. इथे येऊन माझी चूक झाली असं मला वाटतं, असं. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मलाही पहिली कित्येक वर्षं वाटायचं. काकूला अजून सांगितलेलं नाही." त्या दिवसापासून मी त्यांना वडिलांच्या जागी मानलं. तोंडाने कधी बोलले नाही, पण मानलं.

पहिल्या उन्हाळ्यात मी एकही मोठा मासा बोटीत घेऊ शकले नाही. तळं गोठायच्या आधी शेवटच्या शनिवारी काकांनी मला एक रबरी चेंडू दिला. त्यांच्या क्लिनिकमधला, पेशंटांना द्यायचे तसला. "हिवाळाभर दाबत राहा. मनगटाला ताकद येईल." मी तो दाबत राहिले. टीव्ही बघताना, भाजी शिजताना, नवऱ्याशी बोलताना. बाहेर बर्फ पडायचा आणि मी सोफ्यावर बसून चेंडू दाबायची. नवरा बघायचा. "झाले का मसल्स?" म्हणून चिडवायचा. एकदाच, मला आठवतं, तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं आणि मग म्हणाला, "चहा टाकू?"

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच. लाइन ताणायची, मासा खाली, तुटलं. जुलै अर्धा संपला होता. त्या शनिवारी ऊन कडक होतं आणि वारा अजिबात नव्हता. काकांच्या बेडकाखाली पाणी फुटलं, त्यांनी उभं राहून रॉड खेचला आणि त्याच क्षणी ओरडले. पोटरीत गोळा आला होता. एका हाताने पाय धरून ते खुर्चीवर कोसळले आणि दुसऱ्या हाताने रॉड माझ्यापुढे केला.

"धर! धर, सोडू नको!"

मी धरला. मासा खाली गवतात घुसायला निघालाच होता. मी सवयीने रॉड वर उचलला आणि रील फिरवलं. आणि तो खाली गेलाच नाही. त्याला जाताच आलं नाही. रॉड टोकाशी थोडा वाकला, मग ताठ झाला, लाइनने गवत सुरीसारखं कापलं आणि मासा डोक्यावर हिरवा ढीग घेऊन वर आला, पानांवरून सरपटत माझ्याकडे यायला लागला. मला काही कळायच्या आत तो बोटीशी होता. मी वाकून त्याचा खालचा जबडा धरला, काका धरायचे तसा. तोपर्यंतचा मी हातात घेतलेला सगळ्यात मोठा मासा.

काका पोटरी चोळत हसत होते. "शाब्बास! बघ, आला ना!"

मी माशाकडे बघत नव्हते. मी रॉड हातात तोलत होते. तो लांब होता, ताठ होता, पण जड नव्हता. माझ्या पुण्याच्या पर्सचं ओझं याहून जास्त असेल. आणि माझं मनगट ठणकत नव्हतं. हलक्या रॉडवर मासा लागला की कोपरापर्यंत कळ यायची.

"काका, हा जड नाहीये."

"आधी त्याला पाण्यात सोड. मरेल."

मी मासा सोडला. तो शेपटी मारून गवतात गेला.

"काका, माझ्या मनगटाला काय झालंय?"

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "तसं काही नाही."

"पहिल्यापासून?"

"हो. मनगट चांगलं आहे तुझं."

"म्हणजे त्या रॉडने या गवतातून मासा निघणारच नव्हता."

"छोटा निघाला असता," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज बदलला. पेशंटशी बोलतात तसा. "हे बघ, तू नवीन होतीस. हलक्या रॉडवर शिकलं की हात हळुवार होतो. आणि खरं सांगू? मी आधी दोघातिघांना शिकवलं. आपलीच तरुण मुलं. पहिल्याच वर्षी सगळं नीट दिलं. मोठा मासा मिळाला, फोटो काढले, दुसऱ्या वर्षी स्वतःच्या बोटी घेतल्या. परत कुणी आलं नाही. ज्याचा मासा सुटतो तो पुढच्या शनिवारी येतो."

"तुम्ही मला ये म्हणाला असतात तर मी आले असते."

"असं सगळेच म्हणतात."

"मी हिवाळाभर चेंडू दाबत बसले, काका."

त्यांनी टोपी पुढे ओढली. मोटर सुरू केली. आम्ही परत निघालो. तासाभराच्या ड्राइव्हमध्ये त्यांनी रेडिओ लावला. मी मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. माझ्या डोक्यात राग नव्हता अजून. मी फक्त मोजायला लागले होते, म्हणजे आठवायला. प्रत्येक तुटलेली लाइन. प्रत्येक वेळी मागे न बघता विचारलेलं "गेला?" त्यांना मागे बघायची गरजच नव्हती. त्यांना माहीत होतं.

त्यांच्या घरी गाडी थांबली तेव्हा काकू बाहेर झाडांना पाणी घालत होत्या. काका बोट धुवायला मागे गेले. काकूंनी माझा चेहरा बघितला आणि नळ बंद केला. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"येत राहावीस म्हणून, असं म्हणाले?" काकू म्हणाल्या. "तेही खरं असेल. पण अगं, त्यांना हरायला आवडत नाही. माझ्याशी रमी खेळतानासुद्धा माझी पानं चोरून बघतात. मी सोडून देते." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू सोडून देऊ नकोस हो."

घरी आले. नवरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. मी त्याला सगळं सांगायला लागले, उभ्याउभ्याच, बूट न काढता. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान माझ्या बाजूने. तो लॅपटॉपकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं तुला एव्हाना कळलं असेल."

"काय कळलं असेल?"

"रॉडचं. काका म्हणाले होते मला. तेव्हाच, दुकानात. तू टोपी बघायला गेली होतीस. ते म्हणाले, हलकाच घेऊ दे, मासे सुटले की नाद टिकतो. गंमत म्हणून म्हणाले गं."

तो बोलत राहिला. "आणि तू खूश असायचीस ना शनिवारी. मी कशाला मोडता घालू? इट्स जस्ट फिशिंग, यार."

"तुला माहीत होतं मी चेंडू का दाबतेय."

"सांगणार होतो एकदा."

"मग?"

"मग तू म्हणाली असतीस की मी तेव्हाच का नाही सांगितलं. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं." त्याने लॅपटॉप मिटला. "सॉरी."

काकांचं मी समजू शकत होते, तेवढं तरी. एकटा म्हातारा माणूस, रिकामी खुर्ची, जिंकायची खोड. पण हा माझ्यासमोर रोज जेवायला बसत होता. मी रात्री जेवताना सांगायची, आज पण सुटला रे, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. आणि हा भाताचा घास घेऊन म्हणायचा, "होईल गं." मला त्या टेबलाचीच किळस आली. मी आत जाऊन दार लावलं. तो बाहेर उभा राहिला, दोनदा नाव घेऊन हाक मारली, मग गेला.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गाडी घेऊन त्याच दुकानात गेले. कुणाला काही विचारलं नाही. त्या आधी लायब्ररीत बसून मासेमारीची जुनी मासिकं चाळली होती आणि काय हवं ते मला आता पुरतं माहीत होतं. लांब रॉड, म्हणजे दूरवर फेकता येतो आणि माशाला पटकन वर उचलता येतं. बुडाशी ताठ, फक्त टोकाला थोडी लवचिकता. रील वर बसणारं, मजबूत, जोरात गुंडाळणारं, कारण गवतात माशाला वळायला वेळ द्यायचा नसतो. लाइन विणलेली. ती माशाला दिसली तरी चालते. त्या गर्दीत तो काही निरखून बघत नाही. मी पाचसहा रॉड उचलून बघितले. प्रत्येकाचं टोक रॅकच्या कडेला अडकवून खेचलं, कुठून वाकतो ते बघितलं. एक फार ताठ होता, फळीसारखा. एकाची मूठ माझ्या कोपराखाली टोचत होती. शेवटी जो घेतला तो काळा नव्हता, तपकिरी होता. मनगट सरळ राहील असा धरता येत होता.

ते रील मात्र सोपं नव्हतं. फेकताना अंगठ्याने चाक थोपवावं लागतं. नाही थोपवलं तर लाइन उलटी सुटते आणि रीलमध्ये पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. अपार्टमेंटच्या हिरवळीवर मी रोज संध्याकाळी टोकाला रबरी वजन बांधून फेकायची आणि रोज खाली बसून गुंता सोडवायची. वरच्या मजल्यावरून नवरा बघायचा. एकदा खाली आला, शेजारी बसला आणि गुंता सोडवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे." तो बसूनच राहिला. डास चावत होते तरी.

ऑगस्टच्या शेवटी मी एका सरकारी पार्कमधल्या तळ्यावर गेले. तिथे बोट लागत नाही, काठावरूनच फेकता येतं, आणि काठ सगळा गवताने भरलेला. नवरा म्हणाला, मी येऊ का? मी म्हटलं, ये, पण बोलू नकोस. तो लांब बाकावर बसला. मी बेडूक पानांवर फेकला, ओढला, थांबवला. पाणी फुटलं. मी काकांनी शिकवल्याप्रमाणे क्षणभर थांबले, त्यांनी शिकवलेलं सगळंच खोटं नव्हतं, आणि मग खेचलं. मासा गवताचा भारा घेऊन काठावर आला. फार मोठा नव्हता. पण लांबीच्या सरकारी नियमात बसत होता आणि मी तो सोडला नाही.

घरी आणून साफ केला, वेंगुर्ल्याच्या पद्धतीने तिरफळं घालून आमटी केली. वास चांगला सुटला. पहिला घास घेतला आणि कळलं, उथळ तळ्यातला मासा, चिखलाची चव. मसाल्यातूनही जात नव्हती. नवऱ्याने घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मस्त झालंय."

मी चमचा खाली ठेवला. त्याच्याही ते लक्षात आलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "चिखल लागतोय."

"हो," मी म्हटलं. "लागतोय."

आम्ही ती आमटी फेकून दिली आणि पिझ्झा मागवला.

काका गणपतीला भेटले. मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ते माझ्या मागे होते. जुलैनंतर त्यांनी दोनदा फोन केला होता आणि मी उचलला नव्हता. थोडे वाकल्यासारखे वाटले मला.

"ऐकलं तू रॉड घेतलास," ते म्हणाले.

"हो."

"किती लांब?"

"सात फूट."

"ताठ?"

"हो. टोक सोडून."

"रील?"

"वर बसणारं. डाव्या हाताने फिरवायचं."

"आणि लाइन?"

"विणलेली. पासष्ट पौंड पेलणारी."

त्यांनी मान हलवली, खूश होऊन, अगदी मनापासून. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर घेतलंस."

तोवर मी स्वतःला शांत ठेवलं होतं. पण त्या एका शब्दाने माझे डोळे भरून आले, रागाने. हा शब्द त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. दुकानात तो काळा रॉड माझ्या हातात होता तेव्हाही होता. मी प्रसादाचा द्रोण घेतला आणि काकूंना नमस्कार करून बाहेर पडले.

पुढे दोन वर्षांनी आम्ही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला गेलो. निघायच्या आधी काकू भेटायला आल्या, काका गाडीत बसून होते. मी खाली उतरून गाडीपाशी गेले, वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, तिकडे तळी आहेत का? मी म्हटलं, बघेन. काकू शेजारी येऊन बसल्या, काकांनी काच वर केली आणि गाडी निघाली.